त्वचेवर ओढलेली रेघ

लाकडी पट्टीची बोथट कड हाताच्या आतल्या बाजूवर जरा दाबून एकदाच ओढा आणि बघत राहा. काही सेकंदांत पट्टी जिथून गेली तिथंच एक लाल रेघ उमटते. अर्ध्या मिनिटाच्या आत रेघेच्या दोन्ही बाजूंना, पट्टी जिथं टेकलीही नव्हती तिथं, वेड्यावाकड्या कडेची लाली पसरू लागते. दाब पुरेसा असेल किंवा कातडी हळवी असेल, तर एक-दोन मिनिटांनी मूळ रेघच फुगून वर येते आणि फिकी पडते. अंगावर पित्त उठलं की जी गांध दिसते, तीच ही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये १९२०च्या दशकात थॉमस लुईस हीच रेघ पुन्हा पुन्हा ओढत होते. स्वतःच्या कातडीवर, सहकाऱ्यांच्या कातडीवर, ज्यांना नुसत्या ओरखड्यानं गांधी उठतात अशा रुग्णांच्या पाठीवर. लुईस मूळचे वेल्समधल्या कार्डिफचे, जन्म १८८१चा. त्या वेळी त्यांचं नाव जगभर झालं होतं, पण ते हृदयामुळं. ईसीजीचं यंत्र नवं होतं तेव्हा त्याच्या कागदावरच्या नागमोडी रेषा वाचायला ज्यांनी डॉक्टरांना शिकवलं, त्यांत लुईस अग्रभागी होते. अशा माणसानं हृदय बाजूला ठेवून पट्टी, सुई आणि रक्तदाबाचा पट्टा एवढ्या साहित्यावर कातडीचा अभ्यास मांडावा, हे वरवर पाहता विचित्र वाटतं. पण लुईस यांना रक्तवाहिन्या जिवंत माणसात, शरीर न उघडता पाहायच्या होत्या. त्यासाठी कातडीइतकी सोयीची जागा नव्हती. तिथं रक्तवाहिन्या पृष्ठभागाच्या अगदी खाली असतात, त्यांचा रंग बाहेरून दिसतो आणि सूज बोटाला लागते.

गांध म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवं. ती रक्तानं फुगत नाही. फुगली असती तर लालभडक दिसली असती. रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर झिरपतो आणि कातडीच्या थरात साठतो. एरवी या भिंती पाणी आणि क्षार जाऊ देतात, पण प्रथिनांचे मोठे रेणू आत रोखून धरतात. गांध उठते तेव्हा ती प्रथिनंही बाहेर येतात आणि आपल्यासोबत पाणी धरून ठेवतात. आपल्याकडच्या वैद्यांनी हा विकार फार पूर्वी नीट पाहिला होता. माधवनिदानात शीतपित्ताचं वर्णन करताना गांधील माशी चावल्यासारखी सूज असा दाखला दिला आहे. निरीक्षण म्हणून तो दाखला अचूक आहे, कारण माशीच्या डंखानं आणि शीतपित्तानं कातडीत घडतं ते पुष्कळसं एकच. घरोघरी आमसुलाचं पाणी अंगाला चोळण्याचा उपाय आजही होतो. पण भिंत गळते कशामुळं आणि नेमकी कुठं, हा प्रश्न विसाव्या शतकापर्यंत नुसता पडून होता.

त्याच्या उत्तराचा पहिला धागा सापडला तो कातडीपासून फार दूर, राय धान्यावर पडणाऱ्या एका बुरशीत. अर्गट नावाची ही बुरशी सुइणी प्रसूतीत वापरत असत. लंडनच्या दक्षिणेला हर्न हिल इथं वेलकम कंपनीच्या शरीरक्रिया प्रयोगशाळेत हेन्री डेल आणि रसायनतज्ज्ञ जॉर्ज बार्जर अर्गटमधली द्रव्यं वेगळी काढत होते. १९१० मध्ये त्यांच्या हाती एक लहानसा रेणू लागला. जर्मनीत विंडाउस आणि फोग्ट यांनी १९०७ मध्येच तो प्रयोगशाळेत तयार केला होता, पण तो शरीरात काही करतो याची त्यांना कल्पना नव्हती. हाच हिस्टमीन. डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी तो प्राण्यांना टोचून पाहिला. मांजराचा रक्तदाब कोसळला. गिनीपिगच्या श्वासनलिका आवळल्या आणि ते गुदमरून मेले. शार्ल रिशे आणि पोर्तिये यांनी १९०२ मध्ये ॲनाफिलॅक्सिसचं, म्हणजे ॲलर्जीच्या प्राणघातक झटक्याचं वर्णन केलं होतं. या प्राण्यांची अवस्था त्याच्याशी इतकी जुळत होती की डेल यांनी ते साम्य लगेच नोंदवलं. कारण मात्र सांगितलं नाही.

पहिल्या महायुद्धात हा विषय एकाएकी निकडीचा झाला. आघाडीवरून येणारे काही जखमी सैनिक रक्तस्रावाच्या मानानं फारच खचलेले असत. हृदय चालू असे, पण नाडी लागत नसे. रक्त शरीरात कुठं तरी हरवल्यासारखं वाटे. डेल आणि लेडलॉ यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भूल दिलेल्या मांजरांना हिस्टमीन देऊन तशीच स्थिती निर्माण केली. रक्त तपासलं तर ते दाट झालेलं होतं. तांबड्या पेशी आतच होत्या आणि पातळ भाग निघून गेला होता. हा सबंध शरीरभर झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांचा मामला होता. जखमी सैनिकांच्या त्या अवस्थेला हिस्टमीनच जबाबदार, ही कल्पना पुढं टिकली नाही. पण हिस्टमीन बारीक वाहिन्या सैल करतो आणि त्यांतून रक्तद्रव बाहेर जाऊ देतो, हा निष्कर्ष टिकला. केशवाहिन्या सैल पडतात म्हणून गळतात, असं डेल यांचं म्हणणं होतं. ते ध्यानात ठेवायला हवं, कारण शंभर वर्षांनीही त्यावर वाद चालू होता.

हिस्टमीन माणसाच्या कातडीत टोचल्यावर गांध उठते, हे व्हिएन्नाच्या हान्स एपिंगर यांनी १९१३ मध्येच दाखवलं होतं. हे नाव लिहिताना हात थबकतो. हेच एपिंगर पुढं डाखाऊच्या छळछावणीत रोमा कैद्यांना समुद्राचं पाणी पाजून केलेल्या प्रयोगांशी जोडले गेले, आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात उभं राहण्याआधी १९४६ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. शोधाचा मान त्यांचा आहे म्हणून तो नोंदवायचा, आणि पुढचं कृत्यही तितक्याच स्पष्टपणे नोंदवायचं.

लुईस यांच्यासमोर १९२०च्या सुमारास ही सामग्री होती. हिस्टमीनची सुई टोचली की लाल ठिपका, भोवती लाली आणि मधोमध गांध. पट्टी ओढली तरी तोच क्रम. गरम सळईचा चटका, गोठवणारा थंड स्पर्श, विजेचा झटका, चिडवणारं रसायन, काहीही लावा, कातडी त्याच तीन पायऱ्यांनी उत्तर देई. रॉनल्ड ग्रँट यांच्याबरोबर लुईस यांनी १९२४ मध्ये लिहिलेल्या निबंधात आणि १९२७च्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात या तिन्ही पायऱ्यांचा एकेक करून छडा लावलेला आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही ही त्रिविध प्रतिक्रिया लुईस यांच्या नावानं शिकवली जाते.

त्यातली मधली पायरी मला सगळ्यांत सुंदर वाटते. पट्टी टेकलेलीच नाही तिथं लाली पसरतेच कशी? लुईस यांनी कातडीची संवेदना देणारी मज्जा तुटलेल्या रुग्णांवर पट्टी ओढून पाहिली. मज्जा नुकतीच तुटलेली असेल तर लाली पूर्वीसारखीच पसरे. म्हणजे निरोप मेंदूकडं किंवा मज्जारज्जूकडं जाऊन परत येत नव्हता. पण काही दिवस गेले, तुटलेल्या मज्जेचे कातडीतले धागे मरून गेले, की लाली येईनाशी होई. लाल रेघ आणि गांध मात्र तशीच उठे. याचा अर्थ असा की लाली पसरवणारा निरोप कातडीतच एका मज्जातंतूच्या एका फाट्यावरून दुसऱ्या फाट्यावर जातो आणि तिथल्या रोहिणिका सैल करतो. रेघ आणि गांध यांना मज्जांची गरजच नाही. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर थेट घडतं. एका पट्टीनं आणि धीरानं वाट पाहण्यानं लुईस यांनी गळती आणि लाली या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या.

दुसरा प्रयोग रक्तदाबाच्या पट्ट्याचा. दंडाला पट्टा आवळून हातातला रक्तप्रवाह थांबवायचा आणि मग ओरखडा काढायचा. प्रवाह बंद असेपर्यंत गांध उठत नाही, कारण बाहेर पडायला रक्तद्रव येणार कुठून? पण लाल रेघ तिथंच राहते, मावळत नाही. पट्टा सैल केला की गांध वर येते आणि मग सगळं हळूहळू ओसरतं. लुईस यांनी यातून काढलेला तर्क असा: इजा झालेल्या पेशींतून काहीतरी पदार्थ सुटतो, तो रक्तवाहिन्यांवर काम करतो आणि वाहतं रक्त तो धुऊन नेतं. प्रवाह अडवला तर तो जागच्या जागी साचून राहतो. हिस्टमीन टोचून हाच प्रयोग केला तर तोच निकाल.

इथं कुणीही म्हणालं असतं की तो पदार्थ हिस्टमीनच. लुईस म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला 'एच-पदार्थ' असं नाव दिलं. तो हिस्टमीनसारखा वागतो एवढंच मला दाखवता आलं आहे. तो हिस्टमीन आहे हे मी दाखवलेलं नाही, असा त्या नावाचा अर्थ. योगायोग असा की ग्रंथ निघाला त्याच १९२७ साली डेल यांनी इन्सुलिनवाल्या चार्ल्स बेस्ट यांच्यासह ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून हिस्टमीन वेगळा काढला आणि तो शरीरात मुळातच असतो हे सिद्ध केलं. त्याआधी हिस्टमीन हा पदार्थ सडण्यातून तयार झालेला असेल, अशी शंका घेता येत होती. ती मिटली, तरी लुईस यांचा 'एच' तसाच राहिला. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निर्णय आहे, आणि पुढची पन्नास वर्षं तो पुन्हा पुन्हा खरा ठरत गेला.

एच-पदार्थ कातडीत राहतो कुठं, हा प्रश्न सुटायला वेळ लागला. ॲलर्जीत कातडीच प्रयोगशाळा होऊ शकते हे ब्रेसलाऊच्या प्राउस्निट्स आणि क्युस्टनर यांनी १९२१ मध्ये दाखवलं होतं. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्ताचा द्रव प्राउस्निट्स यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथंच माशांचा अर्क टोचला. माशांची मुळीच ॲलर्जी नसलेल्या त्या कातडीवर गांध उठली. रक्तातलं जे काही ॲलर्जी वाहून नेत होतं, ते कातडीतल्या कुठल्यातरी पेशींना जाऊन चिकटलं होतं. त्या पेशी पाउल एर्लिश यांनी १८७८ मध्ये प्रबंध लिहिताना पाहिल्या होत्या. दाणेदार, भरलेल्या दिसतात म्हणून त्यांना त्यांनी मास्ट पेशी म्हटलं. १९५३ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीचे जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट यांनी दाखवलं की ऊतींमधला हिस्टमीन प्रामुख्यानं याच दाण्यांत साठवलेला असतो. कातडीत रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं या पेशी बसलेल्या असतात, त्यामुळं दाणे फुटले की हिस्टमीनला लांब जावं लागत नाही.

औषध मात्र हे कळण्याच्या आधीच आलं होतं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे आणि त्यांची विद्यार्थिनी ॲन-मारी स्टाउब यांनी १९३७ मध्ये ९२९-एफ नावाचं संयुग गिनीपिगला दिलं आणि नंतर हिस्टमीनचा जीवघेणा डोस टोचला. गिनीपिग वाचला. हे संयुग माणसाला द्यायला फार विषारी होतं, पण वाट सापडली होती. १९४२ मध्ये जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये अँटर्गन हे औषध रुग्णांपर्यंत पोहोचलं. पाठोपाठ मेपिरामीन, अमेरिकेत बेनाड्रिल, मग एकामागून एक. १९५७चं नोबेल बोव्हे यांना मिळालं. स्टाउब यांचं नाव पाठ्यपुस्तकांतून बहुधा गळतं, म्हणून ते इथं मुद्दाम दोनदा लिहितो. आपल्याकडं पित्त उठलं की जी ॲव्हिलची गोळी घरात शोधली जाते, ती याच कुळातली. घेतल्यावर येणारी झोपही त्या कुळाचा जुना वारसा आहे: हे रेणू मेंदूत शिरतात आणि तिथल्या हिस्टमीनलाही गप्प बसवतात.

गोळी घेतली की खाज थांबे, लाली आणि गांध पुष्कळ कमी होई. पण पूर्ण जात नसे. हिस्टमीननं वाढणारं जठरातलं आम्ल तर या औषधांनी तसूभरही कमी होत नव्हतं. १९४८ मध्ये स्वीडनच्या ब्योर्न फोल्को आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं की हिस्टमीनमुळं पसरणाऱ्या रक्तवाहिन्यांवर बेनाड्रिल अर्धवटच काम करतं. बाकीचा परिणाम उरतो तो कुठून? हिस्टमीन ज्याला जाऊन चिकटतो त्या रेणूला रिसेप्टर म्हणतात. हे रिसेप्टर दोन प्रकारचे असावेत, अशी शक्यता त्यांनी मांडली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये, लुईस जिथं पट्टी ओढत होते त्या रुग्णालयाच्या शेजारीच, हाइन्झ शील्ड आणि ॲश यांनी १९६६ मध्ये तो विचार काटेकोर केला. मेपिरामीननं जे थांबतं, त्याला त्यांनी एच-१ रिसेप्टर म्हटलं. जे थांबत नाही, त्याला मात्र क्रमांक दिला नाही, कारण ते अडवणारं औषध त्यांच्याजवळ नव्हतं. पुन्हा तोच संयम: दाखवता आलं तेवढ्यालाच नाव.

तो दुसरा क्रमांक १९७२ मध्ये जेम्स ब्लॅक यांनी दिला. लंडनच्या उत्तरेला वेल्विन गार्डन सिटीत, स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीत, त्यांच्या गटानं १९६४ पासून हिस्टमीनचाच रेणू थोडाथोडा बदलून पाहिला आणि ब्युरिमामाइड हाती लागलं. त्यानं आम्ल थांबलं. १९७६ मध्ये आलेल्या सिमेटिडिननं जठराच्या अल्सरची पुष्कळ ऑपरेशनं टाळली, आणि ब्लॅक यांना १९८८चं नोबेल मिळालं. ती जठराची गोष्ट आपल्या विषयाबाहेरची आहे. पण फोल्को यांना पडलेलं कोडं मात्र ब्युरिमामाइडनं सुटलं: एच-१ आणि एच-२ दोन्ही अडवले की हिस्टमीनमुळं कोसळणारा रक्तदाब सावरे. म्हणजे रक्तवाहिन्यांवर दोन्ही रिसेप्टर होते.

दरम्यान गळतीची जागा सापडली होती, आणि ती सगळ्यांच्या अंदाजाबाहेरची निघाली.

ग्वीदो माज्नो हे इटालियन विकृतिशास्त्रज्ञ. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रुमानियाचे जॉर्ज पालाडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं पेशीचं अंतरंग उलगडत होते. दोघांनी मिळून १९६१ मध्ये छापलेले प्रयोग वाचताना आजही थक्क व्हायला होतं. त्यांनी उंदराच्या रक्तात पाऱ्याच्या एका काळ्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण सोडले आणि वृषणाच्या पिशवीतल्या एका पातळ स्नायूजवळ हिस्टमीन टोचला. वाहिनी गळकी असेल तर कण भिंतीच्या अस्तरातून बाहेर पडतात, पण अस्तराबाहेरच्या पातळ पडद्यात अडकून बसतात. रक्तात उरलेले कण यकृत गोळा करून टाकतं. म्हणजे काही वेळानं गळक्या वाहिन्या तेवढ्या काळ्या पडलेल्या राहतात आणि बाकीच्या स्वच्छ. मग तो कागदासारखा स्नायू काचेवर पसरला की गळतीचा नकाशाच समोर येतो. गुट्टा शोफ्ल यांच्यासह त्यांनी तो नकाशा वाचला. ज्यांच्यावर डेल यांच्यापासून सगळ्यांचा संशय होता त्या केशवाहिन्या जवळजवळ कोऱ्या होत्या. काळ्या पडल्या होत्या त्या केशवाहिन्या एकत्र येऊन बनणाऱ्या बारीक शिरा.

आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसलं. कण अस्तराच्या पेशींमधून आरपार गेलेले नव्हते. दोन शेजारच्या पेशींमध्ये फट पडली होती आणि कण तिथून गेले होते. पावसाळ्यात गच्चीचं पाणी फरशीतून उतरत नाही, फरशीच्या सांध्यांतून उतरतं, तसं. १९६९ मध्ये माज्नो यांनी पुढं दाखवलं की हिस्टमीन लागल्यावर अस्तराच्या पेशींची केंद्रकं चुरगळलेली दिसतात. पेशी आकसते, आकसताना आतलं केंद्रकही दुमडतं आणि शेजारणीपासून तिची कड सुटते. पालाडी यांच्या परंपरेतल्या माया आणि निकोलाए सिमिओनेस्कू यांच्या बुखारेस्टच्या संस्थेतून १९८२ मध्ये आणखी एक दुवा आला. हिस्टमीनला लोहयुक्त प्रथिन जोडून त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल असा केला, तेव्हा तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरात सगळीकडं सारखा चिकटला नाही. त्याची गर्दी बारीक शिरांतच होती.

याच माज्नो यांनी १९७५ मध्ये प्राचीन जगातल्या जखमा आणि त्यांवरचे उपचार यांवर एक विलक्षण ग्रंथ लिहिला आणि त्यात भारतीय वैद्यांसाठी स्वतंत्र प्रकरण ठेवलं. सुजेचा अभ्यास करणाऱ्या माणसाला सुश्रुतापर्यंत जावंसं वाटलं, याचा मराठी वाचकाला आनंद व्हावा.

आता कातडीकडं परत. एच-२ अडवणारी औषधं हाती आल्यावर लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ माल्कम ग्रीव्ह्ज यांच्या गटानं १९७०च्या दशकाच्या अखेरीस लुईस यांचाच प्रयोग नव्या साधनांनी केला. माणसाच्या कातडीत हिस्टमीन टोचायचा आणि एकेका रिसेप्टरला अडवून बघायचं. खाज आणि लाली यांची सूत्रं मुख्यतः एच-१च्या हाती निघाली. गांधेतही एच-१चाच वाटा मोठा. पण वाहिन्या पसरवण्यात एच-२चाही थोडा हात होता, आणि दोन्ही अडवल्यावर परिणाम एकट्या एच-१ला अडवण्यापेक्षा किंचित जास्त कमी होई. किंचितच, हे सांगायला हवं. त्यामुळं पित्ताच्या रुग्णाला दोन्ही औषधं एकदम देण्याचा प्रघात कधी पक्का झाला नाही. १९८३ मध्ये पॅरिसला एच-३ सापडला, २०००च्या सुमारास एच-४. एच-३ मुख्यतः मज्जासंस्थेतला. एच-४चा संबंध रोगप्रतिकारक पेशींशी आणि खाजेशी. गळतीच्या गोष्टीत नायकाची जागा एच-१ची होती, ती तशीच राहिली.

एच-१ आत काय करतो, तेही हळूहळू उलगडलं. हिस्टमीन चिकटला की अस्तराच्या पेशीत कॅल्शियमची लाट उठते. त्या लाटेनं पेशीतले आकसणारे धागे ताणले जातात आणि शेजारणीला धरून ठेवणारी व्हीई-कॅडहेरिन नावाची प्रथिनं जागेवरून हलतात. फट पडते ती अशी. पण त्याच कॅल्शियममुळं पेशी नायट्रिक ऑक्साइडही सोडते आणि तो वायू अलीकडच्या रोहिणिका सैल करतो. रक्ताचा लोंढा वाढतो, बारीक शिरांमधला दाब वाढतो. या दोहोंपैकी गळतीला जास्त जबाबदार कोण? माज्नोनंतर बहुतेकांनी फटीकडंच बोट दाखवलं असतं. २०१५ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या गटानं उंदराच्या कानावर हे तपासलं. हिस्टमीननं व्हीई-कॅडहेरिन विस्कटलं, गळती झाली. मग त्यांनी नायट्रिक ऑक्साइड तयार होणं थांबवलं, किंवा दुसऱ्या औषधानं वाहिन्या आवळून धरल्या. सांधे तसेच विस्कटलेले राहिले, तरी गळती खूपच कमी झाली. नुसती फट पुरेशी नव्हती. तिच्यातून रक्तद्रव ढकलणारा जोरही लागत होता. वाहिन्या सैल पडतात म्हणून गळतात, हे डेल यांचं १९१९चं म्हणणं, जागा चुकलेली असली तरी, अर्ध्याहून अधिक बरोबर होतं. आणि हिस्टमीनमुळं झालेली ती गळती आणि सूज एच-१ अडवल्यावर संपूर्ण थांबली.

२०११ मध्ये एच-१ रिसेप्टरची त्रिमितीय रचनाही समोर आली. आज मिळणाऱ्या सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिनसारख्या गोळ्या मेंदूत कमी जातात, म्हणून ॲव्हिलपेक्षा झोप कमी आणतात. पित्त आटोक्यात येत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ आता आधी दुसरी गोळी न जोडता याच गोळीचा डोस चौपटीपर्यंत वाढवून पाहतात. तरीही दीर्घकाळ पित्त उठणाऱ्या अनेक रुग्णांना एच-१ अडवून पूर्ण आराम पडत नाही. त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात त्यांच्याच मास्ट पेशींना फोडणारी प्रतिपिंडं असतात, हे ग्रीव्ह्ज आणि मिचिहिरो हिदे यांनी १९९३ मध्ये दाखवलं. आज अशा रुग्णांसाठी ओमालिझुमॅबची इंजेक्शनं आहेत. ती रिसेप्टरपर्यंत न जाता, मास्ट पेशींना ॲलर्जीसाठी तयार ठेवणाऱ्या प्रतिपिंडांना अडवतात.

बारीक शिरा गळवणारा पदार्थ हिस्टमीन एकटाच नाही. विल्यम ऑस्लर यांनी १८८८ मध्ये एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सुजेचं वर्णन केलं. तिच्यात ओठ, चेहरा, कधी घसाही एकाएकी सुजतो, आणि घसा सुजला तर माणूस गुदमरून मरतो. तिथं गळती घडवतो तो ब्रॅडीकायनिन, आपल्या वेगळ्या रिसेप्टरमार्फत. एच-१ अडवणारी कुठलीही गोळी किंवा इंजेक्शन त्या रुग्णाच्या कामी येत नाही. त्याचा रिसेप्टर अडवणारं इकॅटिबंट युरोपात २००८ मध्ये मंजूर झालं. चेहरा सुजलेला रुग्ण तातडीच्या विभागात येतो तेव्हा डॉक्टर म्हणूनच आधी अंग बघतात: कुठं गांधी उठल्या आहेत का, खाज आहे का. दोन्ही नसतील, आणि घरात कुणाला असं होत असेल, तर हिस्टमीनवर वेळ न घालवता दुसऱ्या औषधाकडं वळावं लागतं.